सोड म्हणजे काय

जुलै महिन्यात आमचा बर्फाचा कारखाना गप्प असतो. समुद्रावर बंदी, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, मग बर्फ घालायचा कशावर? वर्षभर ज्या यंत्राच्या घरघरीला आपण शिव्या घालतो ते थांबलं की कानाला चैन पडत नाही. मुरूडच्या वाळूत होड्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या वाऱ्यानं फडफडतात. बाजारात ओल्या मासळीच्या जागी सुक्याचा वास बसतो, आणि तो छत्रीलाही लागतो. मी या कारखान्यात काट्यावर असतो, म्हणजे लाद्या मोजून देतो आणि त्यांचा हिशेब ठेवतो. पंचविशीच्या आत लागलो, आता पन्नाशी दिसायला लागली आहे.

यंदा याच रिकाम्या महिन्यात फोनवर निरोप आला की आपला जुना खेळ परत सुरू झाला आहे, अगदी जसाच्या तसा. निरोपाखाली रडक्या चेहऱ्यांची रांग. काय दिवस होते, काय माणसं होती, आता तशी मजा नाही. हे लिहिणारे सगळे माझ्याच वयाचे, पोटं सुटलेले, कर्जाचे हप्ते भरणारे गृहस्थ. मला त्या रांगेची शिसारी आली. ज्या गोष्टीला आपण तेव्हा रोज वैतागायचो तिच्यासाठी आता गळा काढायचा, म्हणजे हिशेबात सरळसरळ खोट आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण एका संगणकासमोर बसायचं, जगभरचे लोक आपापल्या संगणकासमोर बसलेले, आणि सगळ्यांचं मिळून पडद्यावर एक राज्य. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. कुणी तलवारवाला, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. यातली मेख अशी की एकट्यानं काहीच होत नसे. एखादा साधा राक्षस मारायचा तरी चार-पाच अनोळखी माणसं गोळा करावी लागत. त्यासाठी राज्याच्या मोठ्या चौकात उभं राहायचं आणि लिहीत सुटायचं: वैद्य पाहिजे, वैद्य पाहिजे. आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो तसाच तो गलका, फक्त लिलावात शेवटी मासळी विकली जाते. दुपारच्या चार भागांतले तीन भाग या उभं राहण्यात जायचे. हे मी उगाच म्हणत नाही, मोजायची मला सवय आहे.

माणसं जमली तरी धड जमत नसत. एक चहाला जाई आणि परत येत नसे. एक जण बक्षिसाची पेटी उघडताच तिच्यातला माल घेऊन पळे. एक जण स्वतःच चुकून मरे आणि बाकीच्यांना शिकवत बसे. आज जे लोक ‘काय माणसं होती’ म्हणून उसासे टाकतात, त्यांतले निम्मे त्या वेळी पेटीतला माल घेऊन पळणाऱ्यांतले असले तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

आम्ही खेळायचो ते नझीरभाईच्या माळ्यावर. खाली चपलांचं दुकान, वर सहा संगणक आणि एक पंखा. नझीरभाई आखातात नोकरी करून परतलेला, हसरा, आणि स्वतःच खेळाचा इतका वेडा की एक संगणक गिऱ्हाइकाला कधीच मिळत नसे. पायऱ्यांवर ओल्या चपला, आत उदबत्ती, आणि हरेश आला की सुकटीचा वास.

हरेश मुरूडलगतच्या एकदऱ्याचा कोळी. बापाच्या होडीवर खलाशी, आणि बाप तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. बाप खमक्या होता आणि त्याच्या हयातीत सुकाणू हातात यायची चिन्हं नव्हती, म्हणून हरेशनं खेळात स्वतःचं नावच ‘तांडेल’ ठेवलं. मला तो काट्या म्हणायचा, अजूनही म्हणतो.

त्या पावसाळ्यात आम्हाला एक दार उघडायचं होतं. समुद्रातल्या एका किल्ल्याचं दार. खिडकीतून मान बाहेर काढली असती तर पाण्यात उभा असलेला खराखुरा किल्ला दिसला असता, त्याच्याकडे पाठ करून आम्ही खोट्या किल्ल्यावर डोकं आपटत होतो. सहा माणसं, सहा वेगळी कामं, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी पुढे सरकायचं. नारळी पौर्णिमेनंतर हरेश समुद्रावर जाणार आणि माळ्याचं तोंड पुन्हा पुढच्या पावसाळ्यातच बघणार. त्यामुळे जे करायचं ते तोवर.

मी, हरेश, नझीरभाई आणि इंदूरचे दोघे भाऊ, असे पाच होतो. इंदूरच्या भावांना आम्ही पाहिलेलं नव्हतं. थोरला शहाणा होता, धाकट्याच्या हाताला पेट्यांची खाज होती. सहावा वैद्य. आणि वैद्य म्हणजे त्या राज्यातले जावई. संख्येनं थोडे, त्यामुळे तोरा मोठा. आमच्या नशिबी आलेल्याचं नाव होतं वैद्यबुवा. हे बुवा फक्त दुपारीच येत. आल्यावर प्रत्येकानं नमस्कार लिहायचा. उठून जाताना सांगून जायचं. सगळे पोचल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. इंदूरच्या धाकट्याला त्यांनी एकदा चौकात असं झाडलं की तो कितीतरी दिवस फक्त ‘जी’ लिहीत होता.

दुपारीच का येता, असं मी एकदा विचारलं. तेव्हा देवनागरी लिहायची सोय नव्हती, मराठी रोमन अक्षरांत ठोकायची. उत्तर आलं की लावणी चालू आहे, पोरं येत नाहीत, मी तळ्यात आहे. हरेशनं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तळ्यात बसून टाईप करतोय? भिजत न्हाय का ह्यो?” तळा हे रोह्यापलीकडचं तालुक्याचं गाव आहे हे नझीरभाईनं हसू आवरल्यावर त्याला सांगितलं. म्हणजे शेतातली कामं सुरू झाल्यामुळे तिकडे एक माणूस रिकामा, आणि समुद्रातली बंद झाल्यामुळे इकडे आम्ही रिकामे. या एका पावसानं दोघांना एका दारापाशी आणून उभं केलं होतं.

पहिल्यांदा आम्ही सहाच्या सहा दारासमोर पोचलो ती दुपार मला नीट आठवते. पत्र्यावर पाऊस इतका की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सगळे दबा धरून हरेशच्या इशाऱ्याची वाट बघत होतो. त्यानं एका बोटानं तीन अक्षरं दाबली: सोड.

होडीवर ‘सोड’ म्हणजे जाळं पाण्यात सोड, कामाला लाग. तांडेलच्या तोंडचा हा शब्द ऐकला की खलाशांचे हात विचार न करता चालतात. हरेशनं जन्मभर तो याच अर्थानं ऐकला होता. मी आणि नझीरभाई बंदरावरचे, आम्ही पुढे धावलो. इंदूरचे भाऊ आमच्याकडे बघून धावले. वैद्यबुवा मात्र जागचे हलले नाहीत. वैद्य नाही म्हटल्यावर आम्ही पाचही जण पाहता पाहता आडवे झालो. मग बुवांची एकच ओळ आली, तीही आमच्यापुरती नाही, भर चौकात, सगळ्या राज्याला दिसेल अशी. तांडेलनं मला चारचौघांत सोड म्हटलं, मी सोडलं.

शेतावरच्या माणसाला ‘सोड’ म्हणजे टोळी सोड, चालता हो.

त्या राज्यात असल्या गोष्टीला किंमत मोजावी लागे. नाव बदलता येत नसे, तोंड लपवायला जागा नसे. तांडेलच्या टोळीत वैद्याचा अपमान होतो ही बातमी चौकभर झाली, आणि नंतर आम्ही कितीही ओरडलो तरी एकही वैद्य आमच्याकडे फिरकेना. पौर्णिमा जवळ येत होती. हरेशला आपलं चुकलं हेच पटत नव्हतं. “सोड म्हंजे सोडच ना? मंग दुसरं काय म्हनतात?” नझीरभाईनं दोन अर्थ समजावून सांगितले. त्यावर तो म्हणाला, चल, तळ्याला जाऊ.

या खेळाच्या नावानं आज जे हळवे होतात त्यांना मी हेच विचारतो, की एका खोट्या दारासाठी, नाव ठाऊक नसलेल्या माणसाची समजूत काढायला, भर पावसात दोन एसट्या बदलून तुम्ही गेला असता का? आम्हीसुद्धा हौसेनं गेलो नाही. दुसरा इलाज नव्हता म्हणून गेलो. असती एखादी कळ, तर ती दाबून आम्ही दुसरा वैद्य आणला असता आणि त्या माणसाला तिथेच विसरलो असतो. आमचं मन मोठं नव्हतं, त्या खेळाला कळ नव्हती.

रोह्याला गाडी बदलली. काचेवर बाहेरून पाणी, आतून वाफ, आणि हरेशच्या मांडीवर त्याच्या आईनं दिलेली सोड्यांची पुडी. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. आमच्याकडे कुणाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. गाडीतली माणसं वासानं वळून बघत होती. खिडकीबाहेर गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, आणि मध्येच एखादं शेत लावून झालेलं, विंचरल्यासारखं.

पोरं येत नाहीत म्हणजे बुवा वर्ग चालवत असणार, आणि तळ्यात संगणक शिकवणारा वर्ग एकच होता. आत आठ-दहा टाइपरायटर झाकून ठेवलेले, कोपऱ्यात एक संगणक, आणि त्याच्यासमोर तिशीतली एक बाई फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली. हरेशनं दारातूनच विचारलं, “वैद्यबुवा हायत का?”

बाईंनी आठळी खाली ठेवली. “मीच. पाय पुसून या.”

त्या सुमनताई. नवरा शेतावर, वर्गाला सुट्टी, आणि दुपारभर त्या या राज्यात माणसं जगवत असत. बाईचं नाव लावलं की लोक नको ते लिहितात, म्हणून बुवा. हरेश इतका गोंधळला की त्यानं सरळ पुडी पुढे केली. सुमनताईंनी ती उघडली, वास घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. “आधी सोड म्हणालात. आता वर सोडे घेऊन आलात?”

हसल्या मात्र नाहीत. हरेशनं होडी, जाळं, बाप, सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चहा टाकला, आणि मग म्हणाल्या, “मला कळलं. पण मला एकटीला कळून काय करू? चौकात बोललात, चौकातच सांगा.”

हे त्यांचं म्हणणं मला त्या वेळी हेकटपणाचं वाटलं. आजही थोडं वाटतं. पण हिशेबानं ते बरोबर होतं. तोटा जिथे झाला तिथेच भरून द्यायला हवा.

दुसऱ्या दिवशी हरेश राज्याच्या चौकात उभा राहिला. एक एक अक्षर शोधत त्यानं लिहिलं की आमच्यात सोड म्हणजे जाळं टाक, वैद्यबुवांना मी घालवलं नाही, चूक माझी. मराठी कळणारे तिथे थोडेच. इंदूरच्या थोरल्यानं त्याचं हिंदी केलं, आणखी कुणी इंग्रजी केलं, आणि कुठल्या कुठल्या देशांतली माणसं एका कोळ्याच्या जाळ्यावरून हसली. हरेशचे कान लाल झाले होते, पण तो चौकातून हलला नाही. मग गर्दीतून वैद्यबुवा आले, त्यांनी सगळ्यांना नमस्कार लिहिला, आणि काही घडलंच नाही अशा थाटात विचारलं, निघायचं?

दार मात्र उघडलं नाही. पौर्णिमेच्या आधीच्या दुपारी आम्ही पुन्हा सहाच्या सहा तिथे उभे होतो. दाराची एक कडी निघालीही. तेवढ्यात वीज कडाडली आणि टेलिफोनची तार मेली ती मेलीच. दुसऱ्या दिवशी समुद्राला नारळ पडला. हरेश गेला. पुढच्या पावसाळ्याआधी तो माळाही बंद झाला, आणि काही वर्षांनी खेळही. हरेश पुढे तांडेल झाला. खेळानं त्याला माणसं सांभाळायला शिकवलं असं नझीरभाई कौतुकानं सांगतो, पण हे खरं नाही. त्याच्या बापाचे गुडघे गेले म्हणून तो तांडेल झाला.

आता यंदाचं सांगतो. फोनवर आमचा सहा जणांचा एक गट आहे, त्याचं नावच ‘दार’. वर्षभर त्यात शुभ सकाळ आणि गुडघ्यावरची तेलं येतात. खेळ परत आल्याचं कळताच हरेश उसळला. दार राहिलंय, या बंदीत उघडायचंच. कंपनी हा खेळ पुढच्या वर्षी ठेवील कशावरून? पाच जण तयार झाले. सुमनताईंच्या वर्गात आता प्रवेशाचे अर्ज भरून देतात, आणि जुलैत तिथे पोरांची झुंबड असते. त्यांनी कळवलं की गर्दी ओसरू द्या, मग येते, माझ्याशिवाय जाऊ नका. हरेशनं अंगठा पाठवला.

मी आधी एकटाच खेळात जाऊन बघून आलो. पन्नाशीला आलात, अजून भुतं मारा, असं म्हणून घरच्या मंडळींनी दार लोटून घेतलं. ‘जसाच्या तसा’ म्हणणाऱ्यांना दिसायला कमी लागलं आहे असं माझं मत झालं. चौक तोच, कारंजं तेच, पण चौकात चिटपाखरू नाही. कोपऱ्यात एक कळ आहे. ती दाबली की राज्यभरातून सहा माणसं आपोआप एकत्र येतात. नमस्कार नाही, निघूया नाही, काही नाही. सगळे मुकाट धावतात, मारतात, विरून जातात. पेटीतला माल खेळच वाटून देतो, त्यामुळे चोराचीसुद्धा गरज उरलेली नाही. मी एकदा दाबून पाहिली. मध्येच आमच्यातला एक जण गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, आणि ते मला शेवटच्या यादीत नाव वेगळं दिसलं तेव्हा कळलं. एक लादी कमी भरली तर ज्याला जेवण जात नाही अशा माझ्यासारख्याच्या हिशेबातून एक आख्खा माणूस गळला. आणि असल्या ठिकाणी बसून हे लोक जुन्या दिवसांच्या नावानं डोळे पुसतात. जी अडचण होती तेवढीच काढून टाकली, उरलेल्याला आठवण म्हणून विकलं, आणि यांनी ते घेतलं.

बंदी उठायला आठवडाही उरला नसताना दुपारी हरेशचा फोन आला. आवाज चोरासारखा.

“काट्या, दार उगडलं.”

“कोणाबरोबर?”

“म्हाईत न्हाय.”

त्याच्याकडून ताडपत्रीचा आवाज येत होता. मग त्यानं सांगितलं की सुमनताईंची वाट बघून कंटाळा आला, सहज कळ दाबली, आणि चहा निवायच्या आत दार उघडलं. आत काय होतं, मी विचारलं. अंगण होतं म्हणाला, आणि एक पेटी. बाकीचे पाच जण तोवर निघूनही गेले होते. इतकी वर्षं ज्या दारामागे काय असेल यावर आम्ही वाद घातला, त्याच्या आत तो एकटाच उभा होता आणि बघा म्हणायला कुणी नव्हतं.

गटात कळवणं भाग होतं. त्यानं कळवलं. सुमनताईंचं उत्तर एका शब्दाचं आलं: बरं. त्यांचा ‘बरं’ मी ओळखतो. त्यानंतर फोननं बारीक अक्षरांत दाखवलं की सुमन यांनी गट सोडला.

मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत होतो. रागावलोही होतो, कारण पन्नाशी उलटलेल्या बाईनं खोट्या दारावरून रुसावं हे काही शोभत नाही, आणि हरेशनं शब्द मोडावा हे तर मुळीच नाही. पण खरं सांगायचं तर या आख्ख्या महिन्यात, त्या सगळ्या रडक्या चेहऱ्यांच्या रांगेत, मला जुन्यासारखी दिसलेली ही एकच गोष्ट. कोणी गेल्याचं या वेळी लगेच कळलं.

संध्याकाळी हरेशला फोन केला. त्या खेळातलं दार दर आठवड्याला आपलं आपण पुन्हा बंद होतं, हे मी नियमांत वाचून ठेवलं होतं, ते त्याला सांगितलं. म्हणजे दार आहे, वेळ थोडा आहे, वैद्य नाही. पलीकडे तो हसला की सुस्कारला ते कळलं नाही. म्हणाला, आई सोडे निवडायला बसली आहे, डोळ्यांना दिसत नाही तरी कुणाला हात लावू देत नाही. रोह्याची पहिली गाडी किती वाजता, ते मी त्याला सांगितलं.

“आनि जाऊन म्हनू काय त्यांना?”

“सोड सोडून काहीही म्हण.”